पाळण्यातलं मूल आणि दरबारातला मामा

डिसेंबर २०१४ मध्ये चीनमधल्या हुनान वाहिनीवर एक भव्य ऐतिहासिक मालिका सुरू झाली. फान बिंगबिंग ही तिथली आघाडीची अभिनेत्री तिच्यात सम्राज्ञी वू झेतियानच्या भूमिकेत होती. रेशमी वस्त्रं, सोन्याचे मुकुट, राजवाड्यांचे देखावे, कशालाच कमी नव्हती. पण आठवडाभरातच मालिका अचानक बंद झाली. कारण ‘तांत्रिक’ असल्याचं सांगितलं गेलं. १ जानेवारी २०१५ ला ती परत सुरू झाली तेव्हा प्रेक्षक बघतच राहिले. पडद्यावर नुसते चेहरेच चेहरे! त्या काळातले पोशाख गळ्याशी खुले असत. ते आजच्या नियंत्रकांना खटकले असावेत, म्हणून प्रत्येक दृश्य गळ्यापाशी कापून काढलं होतं. चिनी प्रेक्षकांनी ह्या प्रकाराची इंटरनेटवर यथेच्छ टर उडवली.

मला मात्र ह्या बातमीत हसण्यापेक्षा विचार करण्यासारखं जास्त दिसलं. चीनच्या दोन हजारांहून अधिक वर्षांच्या बादशाही इतिहासात ‘सम्राट’ हे पद स्वतःच्या नावे घेऊन राज्य करणारी ही एकमेव स्त्री. तिच्या मृत्यूला तेराशे वर्षं उलटून गेली, आणि तरीही तिचं नाव निघालं की चर्चा कशाची, तर शयनगृहाची, सौंदर्याची, सवतींच्या भांडणाची. मालिका करणाऱ्यांनाही त्यातच रस आणि ती कापणाऱ्यांनाही त्यातच! ह्या बाईनं राज्य कसं मिळवलं, कोणाच्या बळावर मिळवलं आणि ते कोणाला हवं होतं, हे प्रश्न कोणी विचारत नाही. पुरुष सत्तेवर आला की आपण त्यामागचं राजकारण शोधतो. बाई आली की जनानखान्याची कडी वाजवतो. वू झेतियानच्या उदयाची हकीकत नीट वाचली की ही आपली सवय किती दिशाभूल करणारी आहे ते कळतं.

तर आधी हकीकत. वू झेतियानचा जन्म इ.स. ६२४ चा. तिचं जन्मनाव आज कोणालाही ठाऊक नाही. ‘झेतियान’ हा तिला आयुष्याच्या अखेरीस मिळालेल्या पदवीतला शब्द. वडील मूळचे लाकडाचे व्यापारी. तांग घराण्याचा संस्थापक सुई राजवटीविरुद्ध उठला तेव्हा ते त्याच्या बाजूला राहिले आणि पुढे मंत्रिपदापर्यंत पोचले. पण त्या काळच्या खानदानी सरदारांच्या लेखी ते व्यापारीच. आई मात्र आधीच्या सुई राजघराण्याच्या नात्यातली. वडील ६३५ मध्ये वारले. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, वयाच्या चौदाव्या वर्षी, मुलीला सम्राट ताइझोंगच्या राजवाड्यात धाडण्यात आलं. तिथली तिची पायरी पाचवी. सम्राज्ञी, तिच्याखाली चार मोठ्या राण्या, मग नऊ-नऊच्या रांगा, आणि त्यातल्या एका खालच्या रांगेत ही. दहा-अकरा वर्षं ती तिथे राहिली. मूल झालं नाही, बढतीही मिळाली नाही. ६४९ मध्ये ताइझोंग वारला आणि रिवाजाप्रमाणे मूल नसलेल्या इतर राण्यांबरोबर तिचीही रवानगी भिक्षुणींच्या मठात झाली.

इथे तिची कहाणी संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण नव्या सम्राटाला तिची आठवण होती. ताइझोंगचा मुलगा गाओझोंग तिच्याहून चार वर्षांनी लहान. त्याचं तिच्यावर आधीपासून मन होतं म्हणतात. गंमत म्हणजे तिला मठातून परत राजवाड्यात आणण्यात पुढाकार होता सम्राज्ञी वांग हिचा! गाओझोंगची मर्जी शिआओ नावाच्या दुसऱ्या राणीवर होती. तिच्यावरून त्याचं लक्ष उडावं म्हणून सम्राज्ञीनं काट्यानं काटा काढायचं ठरवलं. काटा निघाला, पण दुसरा रुतला. ६५२ मध्ये वूला मुलगा झाला, आणि तीनच वर्षांत, ६५५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर, वांग आणि शिआओ दोघींना पदच्युत करून वू सम्राज्ञी झाली. पुढे थोड्याच दिवसांत त्या दोघी मारल्या गेल्या.

आता ह्या तीन वर्षांत घडलं काय? इथे येतो तो प्रसिद्ध प्रसंग. वूला एक मुलगी झाली होती. एके दिवशी सम्राज्ञी वांग बाळाला बघायला आली, थोडा वेळ खेळवून निघून गेली. ती जाताच वूनं स्वतःच्या हातानं मुलीचा जीव घेतला आणि वर पांघरूण घातलं. सम्राट आला. तिनं हसतमुखानं पांघरूण सारलं आणि हंबरडा फोडला. दासींना विचारलं तर त्या म्हणाल्या, आताच सम्राज्ञी येऊन गेल्या. झालं! सम्राटाचं मन वांगवरून उडालं ते कायमचं.

कादंबऱ्या, नाटकं, चित्रपट, मालिका, सगळीकडे हा प्रसंग हमखास असतो. आणि का नसावा? त्यात आई आहे, मूल आहे, सवत आहे आणि भोळा नवराही आहे. लिहिणाऱ्याला आणखी काय हवं! पण हा प्रसंग आला कुठून ते पाहिलं तर वेगळंच चित्र दिसतं. तांग घराण्याचा जुना अधिकृत इतिहास ९४५ मध्ये पूर्ण झाला. त्यातल्या तिच्या चरित्राच्या कथनात हा प्रसंग नाही. शेवटी इतिहासकारानं जो अभिप्राय दिला आहे, त्यात बाळाचा गळा घोटल्याचा ओझरता शब्द तेवढा येतो. पांघरूण, हसू, हंबरडा, दासींची साक्ष, असा सगळा तपशील सापडतो तो १०६० मध्ये झालेल्या नव्या इतिहासात आणि १०८४ मध्ये सिमा ग्वांगनं पूर्ण केलेल्या महाग्रंथात. म्हणजे घटनेनंतर चारशे वर्षांनी! बंद दालनात एकट्या आईनं जे केलं, त्याचे बारकावे चारशे वर्षांनंतरच्या लेखकांना अधिक स्पष्ट दिसू लागले.

बरं, त्या काळच्या कागदांत काय आहे? वांगला पदच्युत करणाऱ्या फर्मानात तिच्यावरचा आरोप आहे विषप्रयोगाच्या कटाचा. राजकन्येच्या खुनाचा नाही. सम्राटाला खरोखरच वाटलं असतं की आपल्या मुलीला वांगनं मारलं, तर ह्याहून मोठा आरोप कोणता होता? वरिष्ठ मंत्र्यांशी बोलताना सम्राटानं जे कारण पुढे केलं तेही अगदी साधं होतं. सम्राज्ञीला मूल नाही, वूला मुलगा आहे. तिसरी गोष्ट. ६८४ मध्ये वूविरुद्ध मोठं बंड झालं. बंडवाल्यांचा जाहीरनामा लुओ बिनवांग ह्या नामवंत कवीनं लिहिला. त्यात तिच्यावर बहिणीच्या खुनाचा आरोप आहे, भावांच्या खुनाचा आहे, सम्राटाला मारल्याचा आणि आईला विष दिल्याचाही आहे. शत्रूनं हातात सापडेल ते फेकून मारलं आहे. पण मुलीचा गळा घोटल्याचं त्यात कुठेच नाही. ही गोष्ट त्या वेळी लोकांच्या तोंडी असती तर त्या कवीनं ती सोडली असती काय?

ह्याचा अर्थ वूनं मुलीला मारलं नाही असं सिद्ध झालं असं नव्हे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका पाळण्याभोवतीचं सत्य आज कोण सांगणार? त्या काळी राजवाड्यातलीसुद्धा मुलं आजारानं, थंडीनं, धुरानं जात असत. माझं म्हणणं एवढंच की तिच्या उदयाचं कोडं सोडवायला ह्या प्रसंगाची गरजच नाही. ते कोडं सुटतं दरबारात. आणि दरबारात उभा होता तो मामा.

झांगसुन वूजी हे त्याचं नाव. सम्राट गाओझोंगच्या आईचा सख्खा भाऊ. ताइझोंगला गादी मिळवून देणाऱ्यांतला एक, आणि गाओझोंगला युवराज करण्यातही त्याचाच हात मोठा. ताइझोंगनं मरताना मुलाला ह्या मामाच्या आणि चू सुइलियांग ह्या मंत्र्याच्या स्वाधीन केलं. गाओझोंग तेव्हा जेमतेम एकविशीतला. मामानं भाच्याचं राज्य सांभाळलं खरं, पण ते आपल्या पद्धतीनं. ६५३ मध्ये एका कटाच्या चौकशीचं निमित्त करून त्यानं राजघराण्यातल्या बड्या बड्या माणसांचा काटा काढला. त्यात सम्राटाचा सावत्र भाऊही होता. त्याच्या प्राणांसाठी सम्राटानं रदबदली केल्याचं इतिहासात नमूद आहे. पण भाऊ वाचला नाही. सम्राटाच्या शब्दाला त्याच्याच दरबारात किंमत किती होती, ते ह्यावरून कळावं.

मामाच्या मागे होते वायव्येकडचे जुने सरदार. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत सोयरिकी करून राज्यकारभार आपल्या मुठीत ठेवणारी घराणी. सम्राज्ञी वांग ही त्यांच्याच वर्तुळातली. तिला मूल नव्हतं, म्हणून दुसऱ्या बाईचा मुलगा तिच्या ओटीत घालून त्याला युवराज करण्यात आलं, ६५२ मध्ये. ते ठरवणारेही हेच. म्हणजे आजचा सम्राट मुठीत, उद्याचाही मुठीत. अशा स्थितीत तरुण सम्राटानं बायको बदलायची म्हटली, तर तो नुसता प्रेमाचा मामला कसा राहील? वांगला हटवणं म्हणजे मामाच्या वाड्याचा खांब काढणं.

आणि हे त्याला चांगलं कळत होतं असं दिसतं. एक प्रसंग फार बोलका आहे. गाओझोंग आणि वू दोघं मिळून मामाच्या घरी गेले. खाणंपिणं झालं. मामाच्या तीन मुलांना सम्राटानं तिथल्या तिथे हुद्दे दिले, सोनं-चांदी आणि रेशमानं भरलेल्या दहा गाड्या भेट दिल्या, आणि मग हळूच विषय काढला की सम्राज्ञीला मूल नाही... मामानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि भलतंच बोलू लागला. भेटी मात्र घेतल्या! पाहुणे हात हलवत परतले.

मग ६५५ च्या शरद ऋतूत उघड सामना झाला. चू सुइलियांगनं दरबारात स्पष्ट विरोध केला. हातातली अधिकाराची पट्टी पायरीवर ठेवली, डोकं आपटून रक्त काढलं आणि मला घरी जाऊ द्या म्हणाला. पडद्यामागून वूचा आवाज आला, ह्या जनावराला मारून का टाकत नाही! हे दृश्यही मालिकांत असतं. पण ह्याच आठवड्यांत घडलेल्या दुसऱ्या दोन गोष्टी मालिकांना रंगवता येत नाहीत, आणि निर्णय झाला तो त्यांच्यामुळे.

पहिली गोष्ट ली यिफूची. हा एक मधल्या पायरीचा अधिकारी, गोड हसून पाठीत सुरा खुपसणारा. लोक त्याला ‘मांजर’ म्हणत. मामानं त्याची दूरच्या आडरानात बदली करायचं ठरवलं होतं. हुकूम निघायच्या आत त्याला सुगावा लागला. त्या रात्री त्यानं सम्राटाकडे अर्ज पाठवला : वूला सम्राज्ञी करावं, प्रजेचीही तीच इच्छा आहे. दुसऱ्या दिवशी बदली रद्द, वर बक्षीस आणि बढती! हे बघून दरबारातल्या कितीतरी जणांना वारा कुठल्या दिशेला वाहतो आहे ते उमगलं. शू जिंगझोंग नावाचा आणखी एक विद्वान अधिकारी उघड बोलू लागला की चार पायल्या जास्त पिकल्या तर शेतकरीसुद्धा नवी बायको करायचं मनात आणतो, मग सम्राटालाच मनाई कसली! ही माणसं काही साधुसंत नव्हती. पण ती त्या जुन्या घराण्यांच्या बाहेरची होती आणि त्यांची वाट मामानं अडवून धरली होती. वूच्या रूपानं त्यांना दरवाजा सापडला आणि त्यांच्या रूपानं वूला.

दुसरी गोष्ट ली जी ह्या म्हाताऱ्या सेनापतीची. फौजेत त्याचा शब्द मोठा. सम्राटानं त्याला एकट्याला विचारलं, थोर मंत्री नको म्हणतात, काय करू? त्यानं उत्तर दिलं की हा तर महाराजांच्या घरचा प्रश्न, परक्यांना कशाला विचारायचं? एवढंच. त्या उत्तराचा अर्थ सरळ होता. तुम्ही करा, फौज मध्ये पडणार नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच फर्मान निघालं.

मला विचाराल तर वू झेतियानच्या उदयातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण तो आहे. त्यात पाळणा नाही, पडदा नाही आणि ती स्वतः तर दालनातही नाही. एक दबलेला राजा, डावललेले अधिकारी आणि तटस्थ राहिलेला सेनापती, ह्या तिघांच्या गरजा एका बाईपाशी येऊन मिळाल्या. तिची हुशारी ही की हे तिनं ओळखलं. पुढच्या चार वर्षांत त्याची वसुलीही झाली. चू सुइलियांग ६५८ मध्ये आजच्या व्हिएतनामच्या भूमीवर हद्दपारीत वारला. मामावर ६५९ मध्ये बंडाचा आरोप आला, तो हद्दपार झाला आणि तिथे त्याला गळफास घ्यावा लागला. भाच्यानं त्याला समोर बोलावून एकदा विचारलंसुद्धा नाही. त्याच वर्षी देशातल्या घराण्यांची नवी वंशावळ तयार झाली, तीही बोलकी आहे. आधी मानपान ठरे जुन्या रक्तावरून. नव्या यादीत तो ठरला आजच्या हुद्द्यावरून. नुसत्या पराक्रमावर पाचव्या श्रेणीला पोचलेला शिपाईगडीही त्यात आला, आणि वूचं घराणं पहिल्या वर्गात! जुन्या खानदानी लोकांनी नाकं मुरडली. पण काळ बदलला होता.

पुढची वाटचालही ह्याच नजरेतून पाहावी. ६६० पासून गाओझोंगला चक्कर येई, डोळ्यांनी नीट दिसेना. राज्याचे कागद वू पाहू लागली. ६६४ मध्ये गाओझोंगनं तिलाच काढायचं मनात आणलं आणि शांगग्वान यी ह्या मंत्र्याकडून फर्मान लिहवून घेतलं. तिला कळलं, ती येऊन समोर उभी राहिली, आणि सम्राटानं सगळा दोष मंत्र्यावर ढकलला! मंत्री प्राणाला मुकला. तेव्हापासून दरबारात सम्राटाच्या मागे पडद्याआड ती बसू लागली आणि लोक दोघांना मिळून ‘दोन संत’ म्हणू लागले. ६७४ मध्ये तिनं बारा कलमांची एक सूचनावली मांडली. त्यात शेती आणि रेशमाला उत्तेजन, करांत आणि वेठीत सूट अशा गोष्टी आहेत. आणि एक कलम असंही आहे की वडील हयात असले तरी आईचं सुतक तीन वर्षं पाळावं. तोवर बापाला तीन वर्षं आणि बाप जिवंत असेल तर आईला एकच, असा नियम होता. जिचं जन्मनावही कोणी लिहून ठेवलं नाही, त्या बाईनं आईच्या दुःखाला बापाच्या दुःखाइतकं माप मागावं, ही गोष्ट मला कुठल्याही शयनगृहातल्या प्रसंगापेक्षा जास्त काही सांगून जाते.

६८३ मध्ये गाओझोंग वारला. एका मुलाला तिनं दोन महिन्यांच्या आत गादीवरून उतरवलं, दुसऱ्याला नावापुरतं बसवलं. ६९० मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, तांग हे नाव बाजूला सारून ‘झोऊ’ राजवट जाहीर केली आणि ती स्वतः सम्राट झाली. स्वतःच्या नावासाठी तिनं नवं अक्षर घडवलं : आकाशावर सूर्य आणि चंद्र दोन्ही. त्याच वर्षी तिनं परीक्षेच्या उमेदवारांची राजवाड्यात स्वतः परीक्षा घेतली. ७०२ मध्ये लष्करी परीक्षाही सुरू केल्या. बंडखोर कवीचा तो जाहीरनामा तिला वाचून दाखवला तेव्हा तिनं विचारलं, हे लिहिलं कोणी? नाव कळल्यावर म्हणाली, असा माणूस आपल्याकडे नोकरीला नाही, हा प्रधानाचा दोष! आणि हे बंड करणारा ली जिंगये कोण होता म्हणता? तिला सम्राज्ञीपदाची वाट मोकळी करून देणाऱ्या त्याच सेनापती ली जीचा नातू.

इथे कोणी म्हणेल, तुम्ही तिचं वकीलपत्र घेतलंत. तसं नाही. तिनं केलेलं भय काही खोटं नव्हतं. ६८६ मध्ये तिनं तांब्याची पेटी बसवली. तिला चार खाचा होत्या. एकीत गाऱ्हाणी टाकावीत, एकीत सरकारवर टीका, अशी सोय. पण तिच्याच जोडीनं चहाड्या करणाऱ्यांचा सुळसुळाट झाला. लाई जुनचेनसारख्या क्रूर अधिकाऱ्यांनी छळ करून हवे ते कबुलीजबाब घेतले आणि कितीतरी घरं बुडवली. ६८८ मध्ये तांग राजपुत्रांनी बंड केलं. त्यानंतर त्या कुळातल्या माणसांची जी कत्तल झाली तिला पार नाही. एका मुलाला तिनं हद्दपार केलं आणि तिथे त्याला मरायला लावलं. हे सगळं तिच्या नावावर आहे आणि राहणार.

पण मग माप एकच असू द्या. तिचा पहिला नवरा ताइझोंग, चीनच्या सर्वश्रेष्ठ सम्राटांपैकी एक म्हणून गौरवला जातो. ६२६ मध्ये त्यानं राजवाड्याच्या दरवाज्यात दबा धरून थोरल्या भावाला स्वतः बाण मारला. धाकटा भाऊही तिथेच संपला. दोघांचे मिळून दहा मुलगे मारले गेले, आणि धाकट्याची बायको त्याच्या जनानखान्यात आली. बापाला दोन महिन्यांत गादी सोडावी लागली. हे इतिहासात लिहिलेलं आहे, कोणी लपवलेलं नाही. पण त्याला ‘प्रसंगाची निकड’ म्हणतात आणि पुढचं पान त्याच्या न्यायी राज्यकारभाराचं असतं. त्या दहा पुतण्यांवर मालिका निघत नाहीत. वूच्या बाबतीत मात्र एका पाळण्यापाशी सगळे थांबतात.

उलट टोकही मला तितकंच नकोसं वाटतं. गेल्या शतकात चीनमध्ये तिचं उदात्तीकरणही झालं. माओची पत्नी जियांग चिंग हिला १९७० च्या दशकात सत्तेची आस लागली तेव्हा वू झेतियान एकाएकी पुरोगामी ठरली, लेखांमागून लेख आले. १९७६ मध्ये जियांग चिंगला अटक झाली आणि कौतुक ओसरलं. म्हणजे काळं फासणं असो की शेंदूर फासणं, दोन्ही वेळा तिचा उपयोग दुसऱ्याच कोणासाठी झाला.

आपण मराठी माणसांनी ह्यात चिन्यांना हसायचं कारण नाही. ‘ध’चा ‘मा’ हा आपल्याकडचा वाक्प्रचारच झाला आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांना. गारद्यांना फितवणारे कोण, कारभाऱ्यांपैकी आत कोण होते, पैसा कुठला, हे सगळं अभ्यासकांच्या पुस्तकांत राहिलं. घराघरात राहिली ती पत्रातलं एक अक्षर बदलणारी आनंदीबाई. पोराबाळांनाही ठाऊक असलेलं तेवढं एक अक्षर! खुनामागचं राजकारण विसरायला ह्याहून सोपी युक्ती नाही.

आणि वू झेतियानच्या काळाचा एक धागा आपल्या अगदी दाराशी येऊन पोचतो. ह्युएनत्संग हा प्रसिद्ध चिनी भिक्षू ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला होता. पुलकेशी राजाचं आणि इथल्या मानी लोकांचं वर्णन त्यानं लिहून ठेवलं. तो ६४५ मध्ये मायदेशी परतला तेव्हा वू राजवाड्यातल्या त्या खालच्या रांगेत होती. पुढे ६५६ मध्ये, सम्राज्ञी झाल्यावर, तिच्या अवघड बाळंतपणात त्याच ह्युएनत्संगनं प्रार्थना केली आणि मुलाला बुद्धाच्या प्रकाशाचं नाव दिलं. नेमक्या त्याच वर्षांत इकडे पुलकेशीची सून, चंद्रादित्याची राणी विजयभट्टारिका, राज्य करत होती. तिचे ताम्रपट मिळाले ते कुडाळजवळच्या नेरूरला आणि वेंगुर्ला तालुक्यातल्या कोचऱ्याला. पत्रादेवीचा नाका ओलांडला की तासाभराच्या अंतरावर! नेरूरच्या ताम्रपटात तिच्या स्वतःच्या राज्याचं पाचवं वर्ष नोंदलं आहे. अभ्यासक ते ६५९ च्या सुमाराचं धरतात. म्हणजे चीनमध्ये मामा संपला त्याच सुमारास आमच्या कोकणात एक बाई स्वतःच्या नावानं जमीन दान देत होती.

पुलकेशीनंतर चालुक्यांची राजधानी पल्लवांच्या हाती गेली होती, भावाभावांत कलह माजला होता. अशा वेळी ही राणी कोणाच्या बळावर उभी राहिली, कुठले सरदार तिच्या बाजूला होते? तिच्याभोवती दंतकथा रचायला कोणी सिमा ग्वांग बसला नाही, म्हणून ती बदनाम झाली नाही. पण नेरूरच्या वाटेनं रोज जाणाऱ्यांतल्या कितीजणांना तिचं नाव ठाऊक असेल? बाईच्या राज्याचं राजकारण शोधायचं नाही असं ठरवलं की दोनच गोष्टी उरतात. एक तर बदनामी, नाहीतर विस्मृती.

वू झेतियान ७०५ मध्ये वारली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तिला गादीवरून उतरवण्यात आलं होतं, तेव्हा ती ऐंशीची होती. तिच्या इच्छेप्रमाणे तिला गाओझोंगशेजारी पुरण्यात आलं, आणि तेही सम्राट म्हणून नव्हे, सम्राज्ञी म्हणून. त्या समाधीपाशी एक प्रचंड शिळा उभी आहे. तिच्यावर मूळचं एकही अक्षर नव्हतं. नंतरच्या शतकांत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मात्र आपापले लेख तिच्यावर कोरून ठेवले. कोरी शिळा दिसली की हात शिवशिवतातच माणसाचे!

आपल्या मुलींच्या पिढीत सरपंच, आमदार, मंत्री होणाऱ्या बायका दिसतील. त्या कशा वर आल्या ह्याची चर्चा पारावर, बाजारात, चहाच्या गाड्यावर होईलच. ती व्हावीही, आणि त्यांच्या चुकाही निर्दयपणे मोजाव्यात. पण कोणी कुजबुजत पाळण्याची गोष्ट सांगू लागला, तर त्याला आधी विचारावं, त्या दरबारात मामा कोण होता?